आधी चालवीन, मग मम म्हणीन

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी दचकायला नको. मी भिक्षुकी करतो. धोतर नेसतो, कपाळाला गंध लावतो, वय पन्नाशीच्या पुढचं आहे. आणि मला क्रूझर मोटारसायकल घ्यायची होती. क्रूझर म्हणजे ती लांबोडकी, बुटक्या सीटची, रुंद हँडलची गाडी, जिच्यावर माणूस आरामखुर्चीत रेलल्यासारखा पाय पुढे टाकून बसतो. का घ्यायची, हे मला ज्याने त्याने विचारून झालं आहे. वकिलाला कोणी विचारत नाही, डॉक्टरला विचारत नाही, परवा नोकरीला लागलेल्या पोराला तर मुळीच नाही. कारण फक्त गुरुजींनी द्यायचं. तर मी देणार नाही. आवडली म्हणून घ्यायची होती.

आमच्या संभाजीनगरात नवी गाडी घेतली की शोरूमच्या दारातच तिची पूजा होते. माझं निम्मं आयुष्य अशा पूजांमध्ये गेलं. हँडलला हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. नारळ फुटतो, मालक किल्ली फिरवतो, लिंबं चिरडली जातात, घरची माणसं टाळ्या वाजवतात आणि गाडी निघून जाते. मी हातात ताम्हण घेऊन मागे उभा राहतो. प्रत्येक वेळी मला तिच्यामागे जावंसं वाटायचं, आणि प्रत्येक वेळी मी पुढच्या पूजेची तयारी करायला वळायचो.

या पूजेत संकल्प सांगताना आम्ही यजमानाला म्हणतो, "मम म्हणा." यजमान म्हणतो, "मम." शब्दाचा अर्थ 'माझं'. पण आपल्या मराठीत मम म्हणण्याचा अर्थ भलताच होऊन बसला आहे. दुसरा जे सांगेल त्याला मान डोलावणं, म्हणजे मम म्हणणं. आमच्या विजयाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं असं की मी दिवसभर लोकांकडून मम म्हणवून घेतो आणि उरलेला वेळ स्वतः म्हणतो. माझी जुनी स्कूटर बंद पडली तेव्हा पुण्याच्या आमच्या चिरंजीवांनी परस्पर एक इलेक्ट्रिक स्कूटर पसंत केली. हलकी आहे, बाबा, पाय टेकतात, आवाज नाही. मी फोनवर "बरं" म्हणणार एवढ्यात विजयाने फोन हातातून काढून घेतला आणि बाबांना क्रूझर हवी आहे असं त्याला सांगून टाकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं, सगळे हो म्हणाले म्हणून तुम्हीही हो म्हणालात. गाडी तरी चालवून बघा."

आता भाऊसाहेबांबद्दल सांगायला हवं. ते आमचे पिढीजात यजमान. मूळचे चिकलठाण्याचे शेतकरी. बरीचशी जमीन कारखान्यांत गेली, उरलेल्यावर त्यांनी प्लॉट पाडले. त्यांचं लग्न माझ्या वडिलांनी लावलं. त्यांच्या नातीचं, कावेरीचं, बारसं मी केलं, आणि काही वर्षांनी तिच्या वडिलांचे दिवसही मीच केले. आजी-आजोबांनी वाढवलेल्या या पोरीचं माघात लग्न होतं. ते मी लावायचं हे कोणी कोणाला सांगायचीही गरज नव्हती. मुहूर्त काढायला गेलो तेव्हा बोलण्याच्या ओघात मी गाडीचं सांगितलं. भाऊसाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला.

"गुरुजी, असल्या गाड्यांवर प्लॉटिंगवाल्यांची पोरं फिरत्यात. तुमी तिच्यावर आमच्या दारात आले तर लोकं काय म्हणतील?"

प्लॉटिंगवाल्यांविषयी त्यांना घरातूनच माहिती असणार, हे मी मनात म्हटलं. ते हसत होते, पण पूर्ण हसत नव्हते. मी गप्प बसलो, आणि त्यांनी ते मम म्हटल्यात जमा केलं.

जालना रोड

पौष लागला. पौषात लग्नं नसतात, मुंजी नसतात, आम्हाला तेवढीच सवड. मी ठरवलं होतं की गाडी घ्यायची ती धोतरातच चालवून घ्यायची. नंतर पूजेला मी याच वेशात जाणार, मग परीक्षेला पँट कशाला?

जालना रोडवरच्या शोरूमच्या दारात पाऊल टाकलं, तोच मॅनेजर धावत आले. "देवासारखे आलात, गुरुजी." त्यांनी मला हाताला धरून बाहेर नेलं. तिथे एक कुटुंब नवी गाडी घेऊन खोळंबलं होतं. त्यांच्या गावचे गुरुजी पौषात पूजा करायला तयार नव्हते, म्हणून त्यांनी शोरूमला सांगितलं होतं की तुमचा कोणी असला तर बोलवा. मी काही बोलायच्या आत माझ्या हातात नारळ आला. एका आजींनी वाकून नमस्कार केला. मी दोनदा सांगितलं की मी गिऱ्हाईक आहे. मॅनेजर हसले, आजी हसल्या, गाडीचा मालकही हसला. गुरुजी विनोदी आहेत, असं त्यांचं एकमत झालं.

शेवटी पूजा केली. पौषात गाडी घेणाऱ्या माणसांविषयी मला उगाच आपुलकी वाटत होती. लिंबं फुटली, टाळ्या झाल्या, ते कुटुंब गेलं. मग मी ताम्हण मॅनेजरांच्या हातात दिलं आणि म्हणालो, "आता ती काळी क्रूझर दाखवा." या वेळी कोणी हसलं नाही.

विक्रीचं काम बघणारी स्वाती नावाची मुलगी होती, पंचविशीची. तिने लायसन मागून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि मग शोरूमचा नियम सांगितला. गर्दीतून गाडी त्यांचा माणूस नेणार, गिऱ्हाइकाने मागे बसायचं, मोकळा रस्ता लागला की अदलाबदल. त्यांचा माणूस म्हणजे ती स्वतःच होती. तर मुकुंदवाडीच्या सिग्नलला जे दृश्य लोकांनी पाहिलं ते असं: पुढे हेल्मेट घातलेली मुलगी, मागे धोतराचा सोगा मुठीत धरून बसलेला मी. शेजारच्या रिक्षावाल्याने मान पूर्ण वळवून पाहिलं. मीही त्याच्याकडे तो नजर वळवेपर्यंत पाहत राहिलो.

चिकलठाण्याला विमानतळाच्या पुढे तिने गाडी माझ्या हातात दिली. पहिल्यांदा कळला तो आवाज. कानाला नाही, पोटाला कळतो. हात रुंद पसरले, पाय पुढे गेले आणि मी एकदम ऐसपैस झालो. आयुष्यभर मी मांडी घालून, गुडघे आवळून, पाटावर मावेल एवढाच बसत आलो आहे. इतकी जागा आपल्याला लागते हे मला ठाऊक नव्हतं. मी मोठ्याने हसलो, आणि हेल्मेटच्या आत माझा आवाज मलाच चमत्कारिक वाटला.

परत वळताना घोळ झाला. माझ्या पायाला ब्रेक पोटाखाली शोधायची सवय. या गाडीचा ब्रेक पुढे. पाय हवेत चाचपडत राहिला आणि गाडी सरळ केळ्यांच्या हातगाडीकडे निघाली. हाताचा ब्रेक आठवला म्हणून केळी वाचली. हातगाडीवाले चाचा जागचे हलले नव्हते.

"पंडितजी, बिरेक आगे है. आप नीचे क्या धुंड रै?"

मी त्यांच्याकडून केळी घेतली, स्वाती आणि मी तिथेच उभं राहून खाल्ली. तेवढ्यात ती माझ्या पायाकडे बघून ओरडली. सायलेन्सरला टेकून सोग्याला भोक पडलं होतं, कडा करपलेली. ती फार ओशाळली, पुढच्या वेळी पँट घालून या म्हणाली. मी तिला सांगितलं की चूक सायलेन्सरची आहे, धोतराची नाही. काळी बाद झाली. परत देताना हेल्मेटच्या आत माझ्या गंधाची पिवळी रेघ उमटलेली दिसली. तिने ती पुसली नाही, एवढं सांगून ठेवतो.

खुलताबाद

दुसरी गाडी वापरलेली होती, खुलताबादच्या रियाजभाईंची. त्यांचं बाजारात बांगड्यांचं दुकान आहे. पाठ धरते म्हणून ते गाडी विकत होते. मी एसटीने गेलो. दौलताबादच्या वेशीत नेहमीप्रमाणे दोन्हीकडची वाहनं एकमेकांसमोर अडून बसली होती, ती सुटेपर्यंत खिडकीतून पेरू घेतले. पौषातले पेरू, तिखटमीठ लावलेले. वर चढल्यावर हवा गार झाली.

रियाजभाई दुकानाबाहेर वाट पाहत होते. मला बघून ते उठले आणि कंबरेवर हात ठेवून हसायलाच लागले.

"गुरुजी, ये गाडी को लिंबू तो आपनेच रख्खे थे."

मला आठवेना. मग त्यांनी मोबाइलवर फोटो काढून दाखवला. हार घातलेली गाडी, रियाजभाई, त्यांच्या मंडळी, आणि कडेला अर्धा कापला गेलेला मी, हातात ताम्हण. शोरूममध्ये सगळ्यांची पूजा होते, तशी त्यांचीही केली होती. मी विचारलं, तुमच्याकडे हे चालतं का? ते म्हणाले, आम्ही बिस्मिल्ला म्हणून निघतो, पण शोरूमवाल्यांनी लिंबं ठेवली, घरच्यांनी हौसेने फोटो काढले, कशाला कोणाचं मन मोडा. मी विचारलं, मम म्हणाला होतात का? ते म्हणाले, "आप बोले बोलो, तो बोल दिया." माझ्यासारखाच आणखी एक माणूस भेटला म्हणून मला बरं वाटलं.

त्यांच्या घरी आधी चहा झाला. आमच्याकडे पाहुण्याने नको म्हणायचं आणि मग घ्यायचं अशी रीत आहे. त्यांच्याकडे नको म्हणायला फटच ठेवत नाहीत, कप थेट हातात येतो. मग मी गाडी म्हैसमाळच्या रस्त्याला घातली.

त्या चढाबद्दल काय लिहू? रस्ता वळत वर जातो, एका अंगाला उतार, खाली शेतांचे तुकडे, धुकं नुकतंच उठलेलं. मी या रस्त्याने पूजेला कितीदा तरी गेलो असेन, पण कायम कोणाच्या तरी जीपमध्ये, मधल्या सीटवर, मांडीवर पूजेची पिशवी. दोन्ही खिडक्या दुसऱ्यांच्या. त्या दिवशी सगळा डोंगर माझ्या अंगावर आला. मी वेदाची संथा म्हणतो त्या आवाजात काहीतरी म्हणत होतो. काय, ते आठवत नाही. थंडीने डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते सगळंच थंडीचं होतं असं मी म्हणणार नाही.

गाडी मोठी होती. धावत असताना ते जाणवत नाही, थांबल्यावर जाणवतं. वर वळवून घेताना तिने एका अंगाला कल घेतला, मी पाय टेकला, पायाखाली खडी होती, आणि गाडी हळूच, अगदी शिष्टाचाराने आडवी झाली. मी बाजूला उभा राहिलो. मला काही झालं नाही. पण ती मला उचलवेना. मी जोर लावला, धोतराचा काष्टा सुटला, तो खोचला, पुन्हा जोर लावला. शेवटी दोन सहलीवाले थांबले, आम्ही तिघांनी ती उभी केली. त्यांचा तिसरा जोडीदार मोबाइल धरून उभा होता, हे माझ्या लक्षात आलं नाही.

रियाजभाईंना मी खरं ते सांगितलं. हँडलच्या टोकाला आलेला ओरखडा दाखवला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, जाने दो. परत येताना एसटीत मला वाईट वाटत होतं. गाडी माझी नव्हती आणि होणारही नव्हती, कारण जी पडल्यावर मला एकट्याला उचलता येत नाही ती घेऊन मी रोज आडगावी कसा फिरणार? पण कोणी याचा अर्थ असा लावू नये की आता मी स्कूटर घेणार. मोठी जमत नसेल तर बेताची बघायची.

घरी पोचायच्या आत तो व्हिडिओ घरी पोचला होता. धोतर खोचणारा मी, आडवी गाडी, मागे कुठल्यातरी सिनेमाचं गाणं. कोणीतरी तो चिकलठाण्याच्या गटात टाकला. भाऊसाहेबांचा फोन आला. या वेळी ते अजिबात हसत नव्हते.

"गुरुजी, पोरीच्या सासरच्यांनी बघितलंय. लग्नाला गाडीवर यायचं असंल तर येऊ नका. म्या दुसरा गुरुजी बघून ठिवतो."

मी म्हणालो, विचार करून सांगतो. विजया समोर भाजी निवडत होती. निवडलेली मेथी आणि काड्या तिने एकाच परातीत टाकल्या आणि मग पुन्हा वेगळ्या करत बसली.

फर्दापूर

तिसरी गाडी शोरूममधलीच होती, मरून रंगाची, काळीपेक्षा हलकी. स्वातीनेच सुचवली. मी म्हणालो, तीन किलोमीटरमध्ये मला काय कळणार? मी लग्नं लावतो, पंधरा मिनिटांच्या चहापोह्यात ठरलेल्या लग्नांचं काय होतं ते मला विचारा. मला दिवसभर पाहिजे. मॅनेजर नाही म्हणाले. स्वातीने त्यांना आठवण करून दिली की पौषात आलेल्या गिऱ्हाइकाची पूजा या माणसाने आल्या पावली करून दिली होती. मॅनेजरांनी गाडी दिली, पण नजरेने माझ्या धोतराला बजावलं.

दिवस मी पंचांग बघून काढला. तिथी चांगली, नक्षत्र चांगलं, प्रवासाला दिशा अनुकूल. विजयाला अजिंठ्याची लेणी दाखवायची होती, इतकी वर्षं जाऊ जाऊ म्हणत राहून गेलेली. ती पंजाबी ड्रेस घालून आली आणि दोन्हीकडे पाय टाकून मागे बसली. लग्न झाल्यापासून ती माझ्या मागे एका बाजूला बसत आली आहे, रस्त्याच्या फक्त एका कडेकडे बघत. हर्सूल सोडलं तेव्हा म्हणाली, "अहो, या बाजूलाही घरं आहेत की."

चौक्याचा घाट उतरून फुलंब्री, मग सिल्लोडचा रस्ता. दोन्हीकडे ज्वारी उभी होती. एका शेताच्या कडेला हुरडा भाजत होते, धूर रस्त्यावर आला होता. थांबलो. शेताचे मालक साठीचे असतील, डोक्याला मफलर. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"गुरुजी, गाडी लई भारी हाय. कुण्या यजमानानं दिली?"

मी म्हणालो, कोणी दिली नाही, मीच घेणार आहे. "व्हय? मग बसा, हुरडा खा." आम्ही गोवऱ्यांच्या आरापाशी बसलो. हातावर चोळलेला गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही. त्यांनी मग मला साडीगार्ड दाखवला. मागच्या चाकाशेजारची ती जाळी, मागे बसणाऱ्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून असते. त्यांच्या पोराने गाडी घेतली त्या दिवशीच ती काढून फेकली होती, शोभत नाही म्हणून. मी सांगितलं की मी ठेवणार आहे, पदर नसला तरी सोगा आहे. ही गोष्ट त्यांना फार पटली आणि त्यांनी आणखी एक कणीस चोळलं.

अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरला आलो. मोकळा रस्ता, रिकामं वाहनतळ, आणि दगडांची दुकानं मांडून जांभया देणारी माणसं. एक गाईड आमच्याकडे चालत आला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "आज सोमवार, गुरुजी. लेणी बंद असतात. तुमाला म्हाईत नाय?"

मला तिथी, वार, नक्षत्र, योग, करण सगळं पाठ होतं. सोमवार आहे हे तर सगळ्यांत आधी माहीत होतं. पंचांगात फक्त लेणी बंद असल्याचं छापलेलं नव्हतं. विजया रस्त्याच्या कडेला उभी राहून इतकी हसली की गाईडने तिला पाणी आणून दिलं.

मग आम्ही हॉटेलात जेवलो. घाट उतरला की ताटात खानदेश येतो. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, वर तेल. आमच्याकडच्या भरतात दाण्याचं कूट आणि गुळाचा खडा असतो. तिथे गुळाची चौकशी केली तर आचारी बाहेर येऊन बघून गेला, कोण आहे म्हणून. तिखटाने नाक वाहत असतानाच फोन वाजला. भाऊसाहेब. काय ठरवलं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनीच एक वाट काढली होती.

"असं करू, गुरुजी. या तुमी गाडीवर. पर मांडवाच्या मागं लावा, भिताडाच्या आड. पाव्हण्यांला दिसू नाय, म्हंजी झालं. तुमचंबी राह्यलं, आमचंबी राह्यलं."

खरं सांगतो, 'मम' ओठावर आलं होतं. काय वाईट होतं त्यात? गाडी मिळत होती, लग्न मिळत होतं. कावेरीच्या बारशाला तिच्या वडिलांनी तांदळात बोटाने नाव लिहिलं होतं, अक्षर मोडत होतं, मी म्हणालो होतो, सावकाश, वेळ आहे. ती पोर दुसऱ्या कोणाच्या मंगलाष्टकांवर उभी राहिलेली मला बघवली नसती. विजया हातात घास धरून माझ्याकडे बघत होती. मला पहिल्यांदाच त्या भिंतीआडच्या गाडीची लाज वाटली. चोरून आणलेल्या वस्तूसारखं तिला लपवायचं, आणि मग पुढे येऊन मी पवित्र मंत्र म्हणायचे?

"भाऊसाहेब," मी म्हणालो, "मी तुमच्या पुढच्या दाराने येत आलो आहे. माझे वडीलही पुढच्याच दाराने यायचे. गाडीही तिथेच लागेल. चालत नसेल तर दुसरे गुरुजी बघा. मुहूर्त आणि याद्या मी त्यांना समजावून देईन, कावेरीच्या लग्नात काही कमी पडणार नाही."

पलीकडून फोन बंद झाल्याचा आवाज आला. विजयाने तिच्या ताटातलं उरलेलं भरीत माझ्या ताटात वाढलं आणि मी ते खाल्लं, नाक पुसत.

परतीच्या घाटात भाऊसाहेब डोक्यातून जात नव्हते. गाडी मात्र काही तक्रार न करता चढत होती. थांबलो की दोन्ही पाय जमिनीला नीट टेकत होते. सोगा जागच्या जागी होता, कुठेही करपला नव्हता. वर आल्यावर उन्हं कलली होती. विजया मागून एकच शब्द बोलली, "हीच." तेव्हा कुठे मी मोकळा झालो आणि ठरवून टाकलं.

पुन्हा जालना रोड, आणि चिकलठाणा

पौष संपायची वाट मी पाहिली नाही. पौष न मानणाऱ्या त्या आजींची आठवण ठेवून त्याच आठवड्यात गाडी घेतली. पूजेला मॅनेजर दुसरे गुरुजी बोलावत होते. मी नको म्हणालो. स्वातीने हार घातला, विजयाने लिंबं ठेवली, मी संकल्प सुरू केला. देशकाल झाला, गोत्र आलं, आणि सवयीने मी समोर बघून म्हणालो, "मम म्हणा." समोर कोणी यजमान नव्हता. सगळे माझ्याकडेच बघत होते. मग मी पळीभर पाणी सोडलं आणि म्हणालो, "मम." इतकी वर्षं तो शब्द रोज तोंडात होता, पण त्याचा अर्थ त्या दिवशी जिभेला लागला. किल्ली फिरवली, लिंबं फुटली. ताम्हण स्वातीच्या हातात राहिलं.

भाऊसाहेबांकडून मात्र निरोप आला नाही. दुसरे गुरुजी ठरवल्याचंही कोणी सांगितलं नाही. मुहूर्ताच्या दिवशी सकाळी मी धुतलेलं धोतर नेसलो, अंतरपाट आणि अक्षता घेतल्या, पिशवी गाडीला बांधली आणि निघालो. विजयाने विचारलं, तिथे दुसरे कोणी बसलेले असले तर? मी म्हणालो, असले तर अक्षता टाकून, पोरीला आशीर्वाद देऊन परत येईन, पण पुढच्या दाराने.

मंगल कार्यालयाच्या दारात मोटारींची रीघ लागली होती. पाहुणे दूर कुठेतरी गाड्या लावून चालत येत होते. कमानीच्या अगदी शेजारी मात्र एका गाडीपुरती जागा रिकामी होती. मधोमध एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती. दारावरच्या माणसाने मला पाहिलं, खुर्ची उचलली आणि म्हणाला, "सकाळपासून कुणाला लावू देईनात भाऊसाहेब. म्हणले, गुरुजींची हाय."

भाऊसाहेब कमानीखाली फेटा बांधून पाहुण्यांचं स्वागत करत होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही. मला म्हणाले, उशीर झालाय, चला. मी म्हणालो, चला.

कन्यादानाला ते आणि कावेरीच्या आजी पाटावर बसले. कावेरी खाली मान घालून होती, तिच्या हातावरची मेंदी अजून ओली वाटत होती. मी संकल्पाला आलो आणि भाऊसाहेबांच्या ओंजळीत पाणी घातलं. त्यांनी वर पाहिलं, सरळ माझ्या डोळ्यांत.

"मम म्हणा," मी म्हणालो.

त्यांच्या मिशीच्या कडेला काहीतरी हललं.

"मम," भाऊसाहेब म्हणाले.